तळ्यातलं चार्जिंग

"फोटो गेला का नाय, येवढंच सांग," आशाबाई म्हनली. डोक्यावरचं घमेलं तिनं खाली बी ठेवलं नव्हतं.

मोनालीवयनीनं फोन दाबला. पदराला पुसला, परत दाबला. काळाच.

"नाय गेला. आत्ता वीस टक्के दाखवत व्हता. फोटो काढाया गेले आन मेला."

"म्हंजी आमी आज अर्ध्या दिसाचे."

"मी काय मुद्दाम केलं का आशाकाकू?"

"मुद्दाम कोन म्हनतं बाई. पन माती आमी उचलली आन गैरहजर बी आमीच. गेल्या हप्त्यात दोनदा, आज तिसऱ्यांदा. तुझ्या आधीचा तो मेट बरा व्हता म्हनायची पाळी आनू नको."

हे बोलनं वयनीला लागलं. मी बांधावर मोटरसायकलला टेकून उभा व्हतो, तिचं तोंड बगितलं.  चाळीस मानसं फावडी खांद्यावर टाकून तिच्याम्होरून गेली आन एकानं बी तिच्याकडं बगितलं नाय. माझी माय बी त्यात व्हती. सून म्हनून ती थांबली नाय. माती तिनं बी उचलली व्हती ना.

गावतळ्यातला गाळ काढायचं रोजगार हमीचं काम चालू व्हतं. दोन सालं पानी पडलं नाय. तळ्याच्या बुडाला अशा भेगा की हात घातला तं कोपरापतुर जायचा. फुलंब्रीच्या अलीकडं आमचं गाव. काम म्हनशीला तं तेवढंच. आन त्या कामाची हजेरी वहीत नाय, फोनात. सकाळी एक फोटो, दुपारी दोनच्या फुडं एक. सगळी मानसं त्यात दिसली पायजेत आन फोटो तळ्यातूनच काढला पायजे, बाहेरून काढला तं ॲप घेत नाय. दुपारचा फोटो हुकला की अर्धा दिस गेला. मानूस तिथं कमरेएवढ्या खड्ड्यात उभा असला तरी गेला.

हजेरी घेनाऱ्याला मेट म्हनत्यात. वयनी आमच्या वस्तीतली पयली मेट. आधी गावातले बडे बागायतदार नानासाहेब, त्यांचा पुतन्या व्हता. त्याच्या हजेरीत असली मानसं असायची की जी पुन्याला ऱ्हात्यात. ग्रामसभेत बायकांनी गलका केला, तवा वयनीचं नाव लागलं. बारावी पास, अक्षर मोत्यावानी. पन अक्षर कोन बगतंय, फोनच पायजे. आन तिचा फोन माझ्या भावानं वापरून टाकलेला. भाऊ ट्रकवर, कधी नागपूर कधी सुरत. फोनाची बॅटरी फुगून पाठ वर आली व्हती. वयनी त्याला केसाचा रबर लावून ठेवायची.

बरं, चार्ज करावा तं लाईट कुठंय. गावची डीपी, म्हंजी विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून अकरा दिस झाले व्हते.

डीपी कोनी जाळली हे सगळ्या गावाला म्हाईत. नानासाहेबांची हीर तळ्याच्या खालच्या अंगाला, तिला अजून पानी. दहा हॉर्सपॉवरची मोटर दिसरात चालू, टँकर भरायचं काम, तिच्या लोडानंच डीपी गेली. शहराजवळ हर्सूलच्या अलीकडं नव्या बिल्डिंगी झाल्यात, तिथल्या लोकांना पानी आमच्या गावाहून जातं. आन आमच्या गावाला पानी सरकारी टँकरनं भाईरून येतं. दोन्ही टँकर फाट्यावर एकमेकाला भेटत्यात. डायवर एकमेकाला हात करत्यात.

डीपी जळाली तशी नानासाहेबांनी जनरेटर आनला. गावात अंधार, हिरीवर उजेड.

* * *

मी त्या टायमाला घरीच. शेंद्र्याला कंपनीत व्हतो, सात महिने भरले की ब्रेक देत्यात. दोन महिने घरी बस, मग परत घेत्यात नाय तं नाय घेत. मला फोनवर व्हिडिओ बगून काय बी खोलायची सवय. शिकलो कुठं नाय. मिक्सर खोलला, बुद्धविहारातला भोंगा खोलला, तो अजून चालतोय. मिक्सर नाय चालत.

आशाबाईचं बोलनं ऐकलं त्याच संध्याकाळी मी वयनीला म्हनलं, "उद्या शहरात शहागंजात जाऊन येतो. गाडीलाच चार्जिंग लावू."

"गाडीला?"

"बारा व्होल्टची बॅटरी हाय ना तिच्यात. सॉकेट बसवलं की झालं."

माय चुलीपासून बोलली, "मोनाली, त्याला गाडी खोलू देऊ नगं. तेवढी एक वस्तू घरात धड हाय."

"माय, हे चार तारांचं काम हाय."

"मिक्सर किती तारांचा व्हता?"

शहागंजात एका टपरीवाल्या चाचाकडं सॉकेट भेटलं. रबराचं टोपन, दोन तोंडं, मधी निळी लाईट.

"किसकू होना?" चाचानं इच्यारलं. "कुरियरवाला है क्या?"

"नाय चाचा, हजेरीला पायजे."

"हाजरी? गाडी की हाजरी लेते क्या तुमारे गाव में?"

त्याला सगळं सांगितलं.  चाचानं एक फ्यूज जास्तीचा दिला आन म्हनला, "ये रख. पैसे नक्को. गरीबों की हाजरी का काम है, फुकेंगा जरूर."

दुसऱ्या दिशी सकाळी लिंबाखाली गाडी खोलली. सीट काढलं, टाकी उचलली. लाल तार बॅटरीच्या प्लसवर, मधी फ्यूज, काळी मायनसवर. तार टाकीखालून काढून हँडलापतुर आनली, जागोजाग पट्ट्या आवळल्या आन सॉकेट उजव्या आरशाच्या दांडीला बसवलं. व्हिडिओत दोन तऱ्हा सांगितल्या व्हत्या. एक म्हंजी तार चाबीवरून घ्यायची, चाबी बंद की चार्जिंग बंद. दुसरी, थेट बॅटरीवर. व्हिडिओवाला म्हनत व्हता की चाबीवरूनच घ्या. मी थेट घेतली. चाबी खिशात घालून लिंबाखाली झोपता आलं पायजे, असा माझा हिशेब.

निळी लाईट लागली. वयनीनं फोन लावला आन फोनावर हिरवी बॅटरी हालाया लागली. ती हसली. मेट झाल्यापून पयल्यांदाच हसली असंल.

माय आली, बगितलं, म्हनली, "आन गाडी चालू व्हती का आता?"

झाली चालू. मायला जरा वाईटच वाटलं.

* * *

एक गोष्ट मातर ध्यानात आली नव्हती. वयनीच्या फोनात आता जीव असा ऱ्हायलाच नव्हता. तार लावली की जित्ता, तार काढली की चार मिनिटात मेला. म्हंजी फोटो काढायचा तं तार लावूनच. तार हातभर. म्हंजी जिथं फोटो तिथं गाडी. आन फोटो तळ्यातूनच.

मंग काय, गाडी तळ्यात.

बांधावरून उतार धरून रोज सकाळी मी गाडी खाली बुडाला न्यायचो. मानसं घमेली घेऊन समोर उभी ऱ्हायची, वयनी गाडीच्या बाजूला वाकून फोटो काढायची. हातभर तारेत जेवढं सरकता यील तेवढं सरकायची. तरी दर फोटोत उजव्या कोपऱ्यात आरसा यायचाच. काळा, गोल. आमाला त्याचं काय वाटलं नाय. हजेरी लागत व्हती ना. सलग नऊ दिस एक बी मानूस गैरहजर नाय. आशाबाईनं वयनीला घरून कांद्याची भाजी आनून दिली.

गावात बोभाटा व्हायला येळ लागला नाय. आधी कामावरच्या बायकांचे फोन आले. मंग त्यांच्या पोरींचे. मंग जे कामावर नव्हते त्यांचे. मी दुसरं सॉकेट जोडलं, त्याला आनखी चार तोंडांची दोन जोडली. अकरा-अकरा फोन गाडीला लटकायचे. अप्पाराव गुरवानं तं दाढी करायचं मशीन आनलं.

"आप्पा, हे फोनासाठी हाय."

"फोनाला जे वीज चालती ती दाढीला चालत नाय का? जातीनं येगळी हाय का?"

लावलं. तासाला दहा मिनिटं गाडी चालू ठेवायची, बॅटरी भरून घ्यायची, असा नियम केला. पेट्रोल मानसंच आनायची, पान्याच्या बाटलीत बोटभर. माय म्हनायची, "आडात पानी नाय आन ह्याच्या पोहऱ्यातून गाव पितंय."

एक दिस नानासाहेब आले. बांधावर उभे ऱ्हायले, पांढरं धोतर, डोळ्याला काळा चष्मा. मला वाटलं चार्जिंगवरून काय वाद काढत्यात, पन बोलले गोड.

"काय सम्यक, लई हुशारी केली म्हनं."

"काय नाय नानासाहेब, चार तारा."

"जनरेटर बिघडलाय आज. येवढा आमचा बी लाव."

लावला. मोठा फोन, दोन तास लागले. बासष्ट टक्के झाला तवा मी सोता बांधावर नेऊन दिला. साडेबारा वाजले व्हते. नानासाहेब म्हनले, "शाब्बास. गावाचं काम करतूस." मंग तिथंच उभं ऱ्हाऊन तळ्याकडं फोन धरून काय तरी बगत बसले. मला वाटलं रेंज बगत्यात.

* * *

पाच दिसांनी वरच्या ऑफिसातून वयनीच्या नावानं कागद आला. ती तो तीनदा वाचत व्हती. मंग मला दिला.

हमीच्या कामावर मशीन चालत नाय, हे मला बी म्हाईत व्हतं. जेसीबी, ट्रॅक्टर काय लावायचं नाय. काम मानसाच्या हातानंच व्हायला पायजे, नाय तं मानसाला काम कशाचं. कागदात लिव्हलं व्हतं की सदर कामावर यंत्राचा वापर व्हत असल्याची तक्रार आली हाय. सोबत फोटो जोडला व्हता. बांधावरून काढलेला. तळ्याच्या बुडाला माझी गाडी, तिला लटकलेले फोन, बाजूला वयनी. आन खाली टाईम, बारा वाजून चौतीस मिनिटं.

"बासष्ट टक्के," मी म्हनलं.

"काय?"

"काय नाय."

फुडं आनखी लिव्हलं व्हतं. ऑफिसनं हजेरीचे फोटो तपासले आन अठरा फोटोत यंत्राचा भाग दिसून येतो. पाहणी व्हईल. यंत्र चालू आढळलं तं काम बंद आन मेटचं नाव कमी.

"आरसा," वयनी म्हनली. "आरशामुळं मी घरी बसनार."

माय पीठ मळत व्हती. हात न थांबवता म्हनली, "ऑफिसात बसून हे उंटावरून शेळ्या हाकनार. येऊन बगावं म्हनावं, आरशानं किती गाळ उकरला."

"येनारच हायेत माय. परवा."

"मंग गाडी नेऊ नगं परवा."

"नाय नेली तं हजेरी कशी लागंल?"

 पीठ लई मळलं गेलं त्या दिशी, भाकरी गोल झाल्याच नाय.

मी आनखी एक तोड काढली. गाडी न्यायची, पन साहेब हायेत तवर चालूच करायची नाय. कागदात शब्द काय, यंत्र चालू. चाबी खिशात ठेवली की कसलं चालू? तार थेट बॅटरीवर हाय, फोन तसेच चार्ज व्हत्याल. मला माझ्या अकलेचं लई कवतिक वाटलं.

* * *

साहेब आले बारा वाजता. विश्वजित कुलकर्णी नाव, पोरगंच व्हतं, माझ्याहून दोन-चार सालं मोठं. शहरातून स्कूटीवर आलेलं. ऊन असं की बांधावरची माती चपलीतून चावत व्हती. स्कूटी वर लावून साहेब उतरत आले, हातात फाइल, कपाळाला रुमाल.

"मोनालीताई कोण?"

"मीच साहेब."

"हेच का ते यंत्र?"

"ही गाडी हाय साहेब. माझ्या दिराची."

"इथे काय करते?"

"फोन चार्ज करते. लाईट नाय गावात तीन हप्त्यापून."

साहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. अकरा फोन मोजले. दाढीचं मशीन उचलून बगितलं, खाली ठेवलं. मंग घमेली मोजली, फावडी मोजली, टेपनं खड्डा मोजला. एकेका बाईला इच्यारलं, यंत्रानं माती काढली का. आशाबाईनं तळहात म्होरं धरले. फोडच फोड.

"ह्ये यंत्र हाय," ती म्हनली. "ह्याला तेल कुठं घालत्यात ते इच्यारून सांगा ऑफिसात."

साहेबांनी तिचे तळहात बगितले आन म्होरल्या बाईकडं वळले. सव्वा वाजला असंल तवा त्यांनी खिशातून फोन काढला आन त्यांचं तोंड उतरलं.

"माझे पाहणीचे फोटो इथूनच अपलोड करावे लागतात. तीन टक्के राहिलंय."

 मी वयनीकडं बगितलं, वयनीनं दाढीच्या मशीनकडं. मी ते मशीन काढलं आन साहेबांचा फोन लावला.

साहेब गाडीच्या सावलीला बसले. म्हंजी सावली कसली, टाकीएवढी. मायनं घागरीतलं पानी दिलं. "जपून प्या साहेब, हे टँकरचं हाय. आमच्या गावचं पानी प्यायचं असंल तं शहरात जावं लागतं."

"मी तिकडेच राहतो," साहेब म्हनले. "हर्सूलला. नवीन सोसायटी आहे."

"मंग आपली वळख जुनी हाय," माय म्हनली.

साहेब पानी पिता पिता थांबले, मंग प्यायले.

दोन वाजले. हजेरीचा टाईम. मानसं उठून ओळीत उभी ऱ्हायली, सवयीनं. वयनीनं तारेसकट फोन उचलला, ॲप खोललं आन तशीच उभी ऱ्हायली. मंग साहेबांकडं वळली.

"साहेब, एक इच्यारू? फोटो काढला तं आरसा येतो. आरसा आला तं यंत्र झालं. नाय काढला तं ही चाळीस मानसं अर्ध्या दिसाची झाली. तुमी समोर बसले हायेत, तुमाला दिसत्यात ना ती? सांगा काय करू."

साहेब फाइल चाळाया लागले. फाइलीत असलं काय लिव्हलेलं नसतं. उन्हात चाळीस मानसं उभी, घमेली डोक्यावर धरलेली. कोनी हाललं नाय. साहेबांनी फाइल बंद केली, उठले, गाडीपाशी आले आन ती फाइलच आरशाम्होरं धरली.

"काढा."

वयनीनं फोटो काढला. कोपऱ्यात आरसा नाय, पिवळी फाइल आन साहेबांचा अंगठा. वरचं चक्र फिरत ऱ्हायलं, फिरत ऱ्हायलं, आन गेला. चाळीस हजर. दोन मिनिटं गेली नसतील तं वयनीचा फोन मेला. साहेबांच्या फोनाचं चार्जिंग थांबलं. अकराच्या अकरा फोनांचं चार्जिंग एकदम गेलं. सॉकेटातली निळी लाईट गेली.

 मला कळलं काय झालं ते. दोन तास गाडी बंद ठेवून बारा फोन तिच्या बॅटरीवर पाजले व्हते मी.

साहेबांचे फोटो तेवढ्यात गेले व्हते. ते फाइल खोलून लिव्हाया बसले. "आता शेवटचं. यंत्र चालू करून दाखवा. कोणतं यंत्र आहे, किती क्षमतेचं, लिहायला लागतं."

चाबी फिरवली. काय नाय. बटन दाबलं, टिक बी नाय. किक मारली, दहा मारल्या, पंधरा मारल्या. ही नव्या पद्धतीची गाडी, पोटात कॉम्प्युटर, बॅटरी मेली की किकला बी इच्यारत नाय. घामानं माझा सदरा अंगाला चिकटला.

"होत नाही का?"

"नाय साहेब."

"अजिबात?"

"अजिबात नाय."

साहेबांनी पेन उचलला, माझ्याकडं बगितलं, गाडीकडं बगितलं आन एक ओळ लिव्हली. काय ते दाखवलं नाय.

आता गाडी वर न्यायची. उतार असा की एकट्याला ढकलनं शक्य नाय. मी हँडल धरलं. आशाबाईनं पदर खोचला, तिच्यामागून माय, मंग आनखी आठ-दहा जनी. कोनी सीटला हात लावला, कोनी मागच्या दांडीला. मधीच चाक भेगंत अडकलं, तवा साहेबांनी फाइल काखेत धरून खांदा लावला.

माय दम खात म्हनली, "साहेब, मशीननं मानसाचं काम करायचं नाय ना? मंग मानसानं मशीनचं केलेलं चालतं का, ते बी लिवा."

बायका हसाया लागल्या तशी गाडी हातभर खाली घसरली. परत ढकलली.

* * *

पंधरा दिसांनी अहवाल आला. वयनीनं तो तळ्यातच उभं ऱ्हाऊन वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. कामाच्या जागेवर एक यंत्र आढळून आले. तथापि, सदर यंत्र पूर्णपणे बंद अवस्थेत असून ते चालू होण्याच्या स्थितीत नाही. सबब तक्रारीत तथ्य नाही. मेट यांना कामावर कायम ठेवण्यास हरकत नाही.

आशाबाईला दोनदा वाचून दाखवावं लागलं.

"म्हंजी गाडी चालू झाली असती तं?"

"तं मी घरी असते काकू," वयनी म्हनली.

मायनं माझ्याकडं बगितलं. मिक्सरचं काय काढती का काय असं वाटलं, पन नाय काढलं. म्हनली, "शिकला म्हनायचा ह्यो."

डीपी अजून बसली नव्हती. गाडी नव्या बॅटरीवर परत तळ्यात उभी ऱ्हायली, फोन परत लटकले. तेवढं मातर झालं की वयनी आता फोटो काढताना मायला आरशाम्होरं घमेलं धराया लावती. नानासाहेबांचा बी फोन परवा आला चार्जिंगला, गड्याच्या हाती. लावला. नाय कशाला म्हनायचं.

मी शहागंजात जाऊन चाचाकडून आनखी एक वस्तू आनली. रिले म्हनत्यात तिला. चाबीवरून तार घेऊन ती बसवली की बॅटरी कधीच अशी तळाला जात नाय. लिंबाखाली सीट काढलं, पान्हा हातात घेतला तवर वयनी आली.

"काय बसवताय भावजी?"

सांगितलं. आता गाडी कधी दगा देनार नाय म्हनलं.

ती ते पाकीट हातात घेऊन उलटंपालटं करून बगत बसली. मंग माझ्याच वरच्या खिशात घातलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हनली. "अजून दोन पाहन्या हायेत."